तालिकोटचे मूळ सीना-बोरीच्या काठी

जानेवारी १५६५ मध्ये कृष्णाकाठी झालेल्या लढाईला इतिहासाची पुस्तके तालिकोटची लढाई म्हणतात, मराठी वाचक तिला राक्षसतागडीची लढाई म्हणून ओळखतो. विजयनगरचा सर्व कारभार हाती असलेला वृद्ध रामराय त्या दिवशी मारला गेला. पुढच्या काही महिन्यांत तुंगभद्रेकाठची राजधानी लुटली गेली आणि पुन्हा कधी वसली नाही. अहमदनगरचा हुसेन निजामशहा, विजापूरचा अली आदिलशहा, गोवळकोंड्याचा इब्राहीम कुतुबशहा आणि बीदरचा अली बरीद हे एकत्र आले म्हणून हे घडले. पण त्याआधीची वीस-बावीस वर्षे हेच सुलतान आणि यांचे वडील एकमेकांना नमवण्यासाठी याच रामरायाला बोलावत होते. मग १५६४ मध्ये असे काय झाले की कालचे वैरी आज व्याही झाले आणि कालचा मदतनीस सगळ्यांचा शत्रू ठरला? या प्रश्नाला आजवर मिळालेली उत्तरे मुख्यतः चार आहेत: धर्म, अपमान, रायचूरचा दुआब आणि रामरायाची महत्त्वाकांक्षा. चारही उत्तरे कृष्णेच्या दिशेने पाहतात. उपलब्ध पुरावा सलग लावून पाहिला तर या युद्धाचे मूळ कृष्णेच्या बरेच उत्तरेला, आजच्या धाराशिव जिल्ह्यात आणि त्याला लागून असलेल्या मुलखात सापडते. परंडा, सोलापूर, नळदुर्ग आणि कल्याणी या चार किल्ल्यांच्या पट्ट्यात अहमदनगर आणि विजापूर यांचे भांडण अर्धशतकाहून अधिक काळ धुमसत होते. त्या भांडणाने रामरायाला उत्तरेत आणले, त्याच भांडणाने त्याला लवादाच्या जागी बसवले आणि ते भांडण तात्पुरते मिटले त्याच वर्षी त्याच्याविरुद्धची युती उभी राहिली.

भांडणाची सुरुवात दोन भावांच्या वाटणीतून झाली, असे दख्खनचा फारसी इतिहासकार फिरिश्ता सांगतो. पंधराव्या शतकाच्या अखेरीला बहमनी राज्य मोडत असताना परंड्याचा किल्ला ख्वाजा जहान दखनी या सरदाराकडे होता आणि सोलापूर त्याचा भाऊ जैनखान याच्याकडे. दोघांच्या मुलखात मिळून अकरा परगणे होते. त्यांचे समान दोन भाग करायचे तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेपाच परगणे येतात, आणि या साडेपाचांवरूनच तंटा लागला. परंड्याच्या भावामागे अहमद निजामशहा उभा राहिला, सोलापूरच्या भावामागे युसुफ आदिलशहा. बहमनी सत्तेच्या जागी नुकत्याच उभ्या राहिलेल्या या दोन्ही गाद्यांना आपली हद्द कुठे संपते हे ठाऊक नव्हते. भावांच्या तंट्यात पडून त्या आपापली हद्द आखत होत्या. १५११ च्या सुमारास आदिलशाहीचा कारभारी कमालखान दखनी याने सोलापूर जिंकले आणि साडेपाच परगणे विजापूरला जोडले. परंडा मात्र अहमदनगरच्या बाजूला राहिला. त्यानंतर दख्खनमधल्या तहांच्या कलमांत, लग्नांच्या बोलण्यांत आणि युद्धाच्या मागण्यांत सोलापूर आणि त्याचे साडेपाच परगणे शंभराहून अधिक वर्षे येत राहतात. एका सरदार घराण्याची भाऊबंदकी दोन राज्यांच्या परराष्ट्र धोरणाचा गाभा बनली, हे या विषयावर लिहिणाऱ्यांनी पुरेशा गांभीर्याने घेतलेले नाही.

एवढ्याशा मुलखासाठी दोन राज्ये इतकी का झगडली, हे जमीन पाहिली की कळते. विजापूर आणि विजयनगर यांच्या मधे कृष्णा आणि तुंगभद्रा आहेत. पावसाळ्यात या नद्या सैन्याची वाट अडवतात आणि उरलेल्या काळात हद्द दाखवतात. अहमदनगर आणि विजापूर यांच्या मधे असे काहीच नाही. भीमा, सीना, बोरी या नद्या वर्षातले कित्येक महिने घोड्यावरून सहज ओलांडता येतात. बालाघाटचा डोंगर फौज अडवण्याइतका उंच नाही, आणि परंड्यापासून तुळजापूर-नळदुर्गपर्यंतचा माळ मोकळा आहे. निसर्गाने हद्द घातली नाही तिथे किल्ला हीच हद्द ठरते. त्या काळात किल्ल्याचे काम फौज ठेवण्यापुरते नव्हते. आसपासच्या परगण्यांचा वसूल ज्या ठाण्यात जमा होई ते ठाणे किल्ल्यात असे, त्या वसुलातून शिबंदीचा पगार निघे, आणि देशमुख-देशपांडे आपला हिशेब कोणासमोर मांडायचा हे किल्ल्यावरचे निशाण पाहून ठरवत. किल्ला गेला की एकही लढाई न हरता परगणे जात. सोलापूर निजामशहाकडे गेले की विजापूरचे उत्तरेचे दार उघडे पडे आणि आदिलशहाकडे राहिले की परंड्याच्या पायथ्याशी विजापूरचे घोडदळ उभे राही. कोणत्याही एका बाजूला सुरक्षित वाटेल अशी वाटणी या मुलखात शक्यच नव्हती.

यात सोळाव्या शतकाच्या मध्याला तोफांची भर पडली. आज विजापूरच्या बुरुजावर असलेली मलिक-ए-मैदान ही सुमारे ५५ टनांची तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला महंमद बिन हुसेन रूमी याने ओतली. ती पुढे परंड्याला होती आणि १६३२ मध्ये आदिलशाहीच्या मुरार पंडिताने ती विजापूरला नेली. एवढी तोफ निजामशाहीने परंड्यासारख्या सरहद्दीच्या किल्ल्यावर ठेवावी, यावरूनच ही सरहद्द किती महत्त्वाची मानली जाई ते दिसते. उलट बाजूला अली आदिलशहाने जुन्या पडक्या किल्ल्याच्या जागी नळदुर्गचा दगडी किल्ला उभारला आणि त्याला शाहदुर्ग नाव दिले. बोरी नदीचे वळण पोटात घेणारी ती ११४ बुरुजांची तटबंदी आजही उभी आहे. नळदुर्गला लोक पाणीमहालासाठी जातात, पण तो बांध १६१३ चा आहे, दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळातला. त्याच्या आधीची तटबंदी पाहिली तर तिच्यामागची भीती समजते. तोफा आल्या तसे किल्ले जाड झाले, आणि किल्ले जाड झाले तसे ते एकट्या सुलतानाच्या फौजेला पडेनासे झाले. या पट्ट्यातला किल्ला घ्यायचा तर आता मित्र लागत होता. दख्खनच्या पाच गाद्यांपैकी एक दुसऱ्याला फार काळ मित्र राहत नसे. सर्वांत मोठी फौज, सर्वांत मोठा खजिना आणि या साडेपाच परगण्यांवर कोणताही हक्क नसलेला एकच शेजारी होता: विजयनगर.

रामराय उत्तरेत आला तो असा. १५२४ मध्ये सोलापूर इथे बुऱ्हाण निजामशहा आणि इस्माईल आदिलशहाची बहीण बीबी मरियम यांचे लग्न झाले. सोलापूर नवरीबरोबर आंदण देण्याचे विजापूरच्या बाजूने कबूल केले होते, अशी निजामशाहीची तक्रार होती. असा काही करारच नव्हता, असे विजापूरचे उत्तर होते. पुढच्याच वर्षी बुऱ्हाणने वऱ्हाड आणि बीदरची मदत घेऊन चाल केली आणि तो हरला. घरातल्या मित्रांनी काम होत नाही हे ध्यानात आल्यावर त्याची नजर दक्षिणेकडे वळली. १५४० च्या दशकात रामरायाने विजयनगरची सत्ता हाती घेतली, गादीवर सदाशिवराय नावापुरता राहिला, आणि बुऱ्हाण-रामराय मैत्री जमली. तिचा हिशेब सरळ होता: निजामशहाने कल्याणी आणि सोलापूर घ्यावे, विजयनगरने रायचूर आणि मुद्गल. १५५० च्या आसपासच्या तीन-चार वर्षांत हे सगळे जवळजवळ ठरल्याप्रमाणे घडले. विजापूरने उत्तरेचे दोन आणि दक्षिणेचे दोन किल्ले गमावले. मग विजापूरनेही तोच मार्ग धरला. इब्राहीम आदिलशहाने सोलापूर परत घेण्याचा प्रयत्न केला, तो फसला, त्यातून सैफ ऐन-उल-मुल्क या त्याच्याच सरदाराचे बंड उभे राहिले, आणि ते मोडायला त्याने रामरायाला बोलावले. त्यासाठी बारा लाख होन मोजल्याचे फिरिश्ता लिहितो. आकडा मागेपुढे असेल, व्यवहाराचे स्वरूप मात्र त्यातून स्वच्छ दिसते.

१५५८ मध्ये अली आदिलशहा गादीवर आला आणि हा व्यवहार टोकाला गेला. रामरायाचा मुलगा वारल्याचे निमित्त करून तरुण अली स्वतः विजयनगरला समाचाराला गेला. रामरायाच्या पत्नीने त्याला मुलगा मानले. परत आल्यावर त्याने हुसेन निजामशहाकडे कल्याणी आणि सोलापूर मागितले आणि नकार येताच रामराय आणि इब्राहीम कुतुबशहा यांच्यासह थेट अहमदनगरला वेढा घातला. हुसेनला तह करावा लागला. त्याची कलमे फिरिश्ता देतो: कल्याणी अलीला द्यावी, वऱ्हाडचा सेनानी जहांगीरखान याला ठार करावे आणि हुसेनने स्वतः रामरायाच्या छावणीत जाऊन त्याच्या हातचा विडा घ्यावा. हुसेनने तिन्ही केले. काही काळातच त्याने आपली मुलगी इब्राहीम कुतुबशहाला दिली आणि दोघांनी मिळून कल्याणीला वेढा घातला. अली आणि रामराय पुन्हा धावून आले, पावसाने हुसेनच्या तोफा चिखलात अडकल्या आणि अहमदनगरला दुसरा वेढा पडला. या वेढ्यात विजयनगरची छावणी सीनेच्या पात्रात होती आणि वरच्या अंगाला झालेल्या पावसाने रात्रीतून पूर येऊन हजारो माणसे बुडाली, असे फिरिश्ता सांगतो. परंड्याच्या अंगाने वाहणारी हीच सीना. तुंगभद्रेकाठची माणसे तिच्या पुरात बुडतात, यावरून साडेपाच परगण्यांचा वाद कुठवर पोचला होता ते दिसते. परतताना रामरायाने आपला मोबदला घेतला, आणि तो दोन्ही बाजूंकडून घेतला: मित्र असलेल्या अलीकडून यादगीर आणि बागलकोट, आणि कुतुबशहाकडून कोविलकोंडा, पानगल, घनपूर यांसारखी ठाणी.

इथे भांडणाचे गणितच बदलले. १५६३ पर्यंत विजापूरला कल्याणी मिळाली होती, पण सोलापूर मिळाले नव्हते, आणि रायचूर-मुद्गल आधीच गेले असताना रामरायाच्या मदतीच्या बदल्यात यादगीर, बागलकोटही गेले होते. अहमदनगरकडे सोलापूर होते, पण राजधानीभोवतीचा मुलूख दोनदा उजाड झाला होता. गोवळकोंड्याला या भांडणातून काही मिळायचेच नव्हते, आणि तरी त्याने ठाणी गमावली होती. वाद सोडवायला बोलावलेल्याची किंमत मूळ वादाच्या किमतीपेक्षा जड झाली. मग १५६४ मध्ये गोवळकोंड्याचा मुस्तफाखान अर्दिस्तानी, विजापूरचा किश्वरखान लारी आणि अहमदनगरचे मुत्सद्दी यांच्या मध्यस्थीने जो करार झाला त्याची कलमे पाहावीत. हुसेनची मुलगी चांदबीबी अली आदिलशहाला दिली गेली आणि तिच्याबरोबर आंदण म्हणून सोलापूर. अलीची बहीण हुसेनचा मुलगा मुर्तजा याला दिली गेली. म्हणजे १५२४ मध्ये मोडलेला करार चाळीस वर्षांनी दिशा उलटी करून पुरा झाला. रामरायाकडे वकील पाठवून यादगीर, बागलकोट, रायचूर, मुद्गल परत मागण्याची हिंमत अलीला झाली ती त्यानंतर. वकिलाला हाकलून देण्यात आले आणि डिसेंबर १५६४ मध्ये फौजा तालिकोटला जमल्या. सोलापूरचा प्रश्न आधी आणि युद्धाचा प्रश्न नंतर, असा हा क्रम आहे. माझ्या सगळ्या मांडणीचा भार या क्रमावर आहे.

यावर पहिला आक्षेप धर्माचा येणार, आणि तो टाळण्यासारखा नाही. फिरिश्ता आणि बुरहान-ए-मआसिर लिहिणारा तबातबा दोघेही या युद्धाला धर्मयुद्धाचा रंग देतात. रामरायाच्या सैन्याने अहमदनगरच्या मुलखात मशिदींची विटंबना केल्याचे सांगतात. रॉबर्ट स्युएल यांच्या १९०० च्या ग्रंथाने विजयनगरला इस्लामविरोधी तटबंदीचे रूप दिले आणि तेच चित्र पुढे शाळेच्या पुस्तकांपर्यंत गेले. विटंबना झाली नसेल असे मी म्हणत नाही. परमुलखात फिरणाऱ्या त्या काळच्या फौजा काय करीत हे सर्वांना माहीत आहे, आणि हंपीत जे केले गेले त्याच्या खुणा तर डोळ्यांसमोर आहेत. प्रश्न असा की धर्म हे युद्ध घडण्याचे कारण आहे का. तसे असते तर युती अहमदनगरच्या पहिल्या वेढ्यानंतर, १५६१ मध्येच व्हायला हवी होती. त्याऐवजी पहिल्या मोहिमेनंतर अलीने रामरायाला दुसऱ्यांदा बोलावले. वऱ्हाडही युतीत यायला हवे होते. वऱ्हाड आले नाही, आणि त्याचे कारण अभ्यासक जहांगीरखानाच्या हत्येत शोधतात, म्हणजे पुन्हा कल्याणीच्या तहातच. रामराय स्वतः तरुणपणी गोवळकोंड्याच्या चाकरीत होता, त्याच्या फौजेत मुसलमान सरदार होते, आणि ऐन लढाईत त्यांच्यापैकी दोघे फितूर झाल्याचे १५६७ मध्ये विजयनगरला गेलेला इटालियन व्यापारी चेझारे फेदेरिची सांगतो. दुसऱ्या बाजूला बुऱ्हाण निजामशहाचा पेशवा कंवरसेन ब्राह्मण होता, आणि पहिल्या इब्राहीम आदिलशहाने वसुलाचे दप्तर फारसीतून काढून देशी भाषेत ब्राह्मण कारकुनांच्या हाती दिले होते. साडेपाच परगण्यांचे हिशेब दोन्ही बाजूंना हीच माणसे लिहीत होती. धर्माने या युतीला भाषा दिली, फौजेला हुरूप दिला, विजयानंतर लुटीला समर्थन दिले. युती जमवली मात्र दुसऱ्याच गोष्टीने. हारून खान शेरवानी यांनी अर्धशतकापूर्वी या दिशेने लिहिले आहे, तरी लोकांच्या मनातले चित्र फारसे हललेले नाही.

अपमानाचे उत्तर लोकप्रिय आहे, कारण त्यात नाट्य आहे. हुसेनने विडा घेतला, रामरायाचा हात लागला म्हणून हुसेनने हात धुतले, ते पाहून रामरायानेही हात धुतले, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. फिरिश्त्याने आपला ग्रंथ १६०६-०७ च्या सुमारास पुरा केला. म्हणजे लढाईनंतर चाळीसएक वर्षांनी. तो आधी अहमदनगरला आणि मग विजापूरला चाकरीत होता, म्हणजे दोन्ही दरबारांत मुरलेल्या आठवणी त्याच्या हाती आल्या. काळाने सर्वांत जवळचे साधन म्हणजे आफताबीचे तारीफ-ए-हुसेनशाही हे फारसी काव्य. त्याचे चित्रांसहित हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे आणि डॉ. गो. त्र्यं. कुलकर्णी व डॉ. म. श्री. माटे यांनी ते संपादित केले आहे. महाराष्ट्रात असलेले हे साधन मराठी लिखाणात फार कमी वेळा वापरले जाते याचे वाईट वाटते. त्या काव्यात हुसेनची राणी खुंझा हुमायून आणि राजविवाह यांना लढाईच्या तोडीचे स्थान आहे, हे मला अर्थपूर्ण वाटते. अपमान खोटा नव्हता. भर छावणीत दुसऱ्याच्या हातचा विडा घेणे म्हणजे त्याचे वरिष्ठत्व मान्य करणे, आणि हुसेनला ते लागले नसेल हे संभवत नाही. पण त्याला विडा घ्यावा लागला तो कल्याणीच्या तहात. अपमान हे त्या तहाचे एक कलम होते, आणि तो तह ज्या भांडणातून आला त्याचे नाव सोलापूर-कल्याणी आहे.

रायचूरच्या दुआबाचा दावा अधिक वजनदार आहे. कृष्णा-तुंगभद्रेमधला तो सुपीक पट्टा बहमनी काळापासून लढाईचे मैदान होता आणि १५२० मध्ये कृष्णदेवरायाने रायचूर जिंकले ते याच वादात. अली आदिलशहाच्या डोळ्यासमोर १५६५ मध्ये रायचूर-मुद्गल होते यात शंका नाही. लढाईनंतर ते त्याने घेतलेही. पण हा वाद विजापूर आणि विजयनगर यांचा. शिवाय रायचूर तेव्हा दहा-बारा वर्षे विजयनगरकडे होते, आणि त्यातली बरीच वर्षे विजापूर रामरायाशी सख्य राखून होते, कारण त्याला आधी उत्तरेचा वाद निपटायचा होता. लढाईत मधल्या फळीवर, रामरायाच्या समोर, हुसेन निजामशहाचा तोफखाना होता, आणि रामरायाचे डोके उडवले गेले ते हुसेनसमोर. निजामशाहीची आणि विजयनगरची सरहद्द कुठेही एकमेकींना लागत नव्हती. कृष्णेपासून सर्वांत दूर असलेले राज्य या युद्धात सर्वांत त्वेषाने का लढले, याचे उत्तर रायचूर देऊ शकत नाही. सीनेच्या पात्रातली ती छावणी देते.

रामरायाच्या महत्त्वाकांक्षेबद्दल रिचर्ड ईटन आणि फिलिप वॅगोनर यांनी अलीकडे केलेली मांडणी या विषयात सर्वांत नवी आहे आणि तिच्याशी माझा अर्धा मेळ बसतो. कल्याणी ही जुन्या चालुक्य सम्राटांची राजधानी. रामरायाच्या अराविडु घराण्याने स्वतःला त्या वारशाशी जोडले आणि म्हणून कल्याणीच्या प्रत्येक वेढ्यात रामराय इतक्या आवेशाने पडला, असे ते दाखवतात. तो इतक्या उत्तरेला वारंवार का आला आणि पैसे घेऊन घरी का बसला नाही, हे यातून उलगडते. पण रामरायाने कल्याणी स्वतःकडे ठेवली नाही, अलीला दिली. त्याला चालुक्यांच्या राजधानीवर स्वतःचे ठाणे नको होते, ती कोणाला द्यायची हे ठरवण्याचा अधिकार हवा होता. आणि तो अधिकार त्याच्याकडे आला तो दोन सुलतानांना ती आपसात वाटून घेता आली नाही म्हणून. महत्त्वाकांक्षा त्याची होती, तिला वाट अहमदनगर-विजापूरने करून दिली.

आता उरतो आकाराचा आक्षेप. साडेपाच परगणे आणि तीन-चार किल्ले यांतून एवढे साम्राज्य कोसळेल का? कारण आणि परिणाम यांचा आकार सारखाच असावा ही अपेक्षा इतिहासात सहसा खरी ठरत नाही. रोम आणि कार्थेज यांच्या पहिल्या युद्धाची ठिणगी इ. स. पूर्व २६४ मध्ये सिसिलीतल्या मेसाना या एका शहरात पडली. तिथल्या भाडोत्री सैनिकांनी आधी एकाची आणि मग दुसऱ्याची मदत मागितली, आणि तेवीस वर्षांचे युद्ध पेटले. दोन तुल्यबळ सत्तांच्या मधल्या छोट्या मुलखाचे महत्त्व त्याच्या वसुलावरून मोजता येत नाही. तो दुसऱ्याकडे गेला तर काय होईल, या भीतीवरून ते मोजावे लागते. सोलापूर हुसेनकडे असताना विजापूरला शांत झोप नव्हती, आणि नळदुर्गची दगडी तटबंदी चढली तेव्हा अहमदनगरला नसणार. शिवाय मी विजयनगरच्या पतनाचे एकमेव कारण सांगत नाही. लढाईचा निकाल तोफखान्याने, फितुरीने आणि रामरायाच्या एका क्षणात झालेल्या मृत्यूने ठरला. तो उलटाही लागला असता. लढाई झालीच का आणि तेव्हाच का झाली, एवढाच माझा प्रश्न आहे.

शेवटचा आक्षेप सर्वांत नेमका आहे. सोलापूरचा वाद हेच मूळ असेल तर तो मिटल्यावर शांतता व्हायला हवी होती, युद्ध का झाले? उत्तर असे की सोलापूर देऊन हुसेनने अलीला मोकळे केले, पण रामरायाला मोकळे केले नाही. लवाद म्हणून मिळणारे उत्पन्न आणि वरिष्ठत्व रामराय आपण होऊन सोडणार नव्हता. दोन्ही सुलतानांपैकी कोणी उद्या फिरला तर तो पुन्हा अहमदनगरच्या वेशीवर आला असता. सोलापूर देण्याची भरपाई हुसेनला मिळायची तर ती दक्षिणेतच मिळणार होती. वाद मिटला की नुसता झाकला गेला, याची परीक्षा पुढच्या घटनांत होते. हुसेन १५६५ मध्येच, लढाईनंतर काही महिन्यांत वारला. दोन-तीन वर्षांत विजापूरच्या किश्वरखानाने, म्हणजे युतीच्या बोलण्यांत असलेल्या त्याच मुत्सद्द्याने, बालाघाटावर धारूरचा किल्ला बांधला, आणि १५६९ मध्ये मुर्तजा निजामशहाने तो जिंकला तेव्हा किश्वरखान मारला गेला. रामराय नव्हता, विजयनगर नव्हते, तरी भांडण होते तिथेच होते. १५८० नंतर अहमदनगर आणि गोवळकोंड्याच्या फौजांनी नळदुर्गला वेढा घातला. त्या वेळी विजापूरच्या बालसुलतानाची पालक होती चांदबीबी, जिच्या लग्नात सोलापूर दिले गेले होते. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांनी घेतल्यावर मलिक अंबरने निजामशाहीची गादी परंड्याला मांडली, आणि १६२४ च्या भातवडीच्या विजयानंतर त्याने सर्वांत आधी जे केले त्यात सोलापूर घेणे होते. मोगल उंबरठ्यावर असताना, शंभर वर्षे उलटल्यावर, निजामशाहीला साडेपाच परगणे विसरता आले नाहीत. १६३६ मध्ये शाहजहानने निजामशाही संपवून तिचा मुलूख विजापूरशी वाटून घेतला तेव्हा परंडा आणि सोलापूर प्रथमच निर्वेधपणे एका हाती आले, ते आदिलशहाच्या. १६५७ च्या तहात विजापूरला परंडा मोगलांना देणे कबूल करावे लागले आणि १६६८ मध्ये सोलापूरही गेले.